पलंगावर रेश्मा, खुर्चीवर मी

अगो हळू, हळू बोला मॅडम! आत्ताच डोळा लागलाय तिचा. हा, बरोबर बघताय — पलंगावर पडलीय ती तुमची रेश्मा, मला सांभाळायला ठेवलेली, आणि खुर्चीवर बसलीय ती मी, साळूबाई, पेशंट. चष्मा कशाला पुसताय? बसा. महाडच्या बाया पुरवणाऱ्या ब्युरोतनं आलात ना, न सांगता तपासायला? वाटलंच मला. आमच्या कापडे गावात इतक्या स्वच्छ चपला घालून दुसरं कोण येतंय!

चहा घेता? केलेला हाय, थर्मासात. कोणी केला म्हणजे? चहा कोणी केला त्याची पण तपासणी असते काय? बरं, मी केला. भिंतीला धरून गेले ओट्यापर्यंत, त्यात काय. पण ते लिहू नका हा! अंगावरून वारं गेलं तेव्हापासून माझ्या मंगेशच्या हिशोबी मी अंथरुणालाच खिळलेली हाय. आई ओट्याशी उभी राहते असं त्याला मुंबईत कळलं, की लगेच म्हणेल — मग बाई कशाला ठेवायची? आणि रेश्माच्या कमरेचं दुखणं तुम्हाला कळलं, की तुम्ही म्हणाल — ही दुखणेकरी नको, दुसरी पाठवतो. म्हणजे मी बरी झाले तरी ही जाणार, हिचं दुखलं तरी हीच जाणार! मग आम्ही दोघींनी करायचं काय? गप्प बसायचं. बसलोच होतो की गप्प — तुम्ही आलात.

कंबर काय इथं नाय गेली तिची. म्हातारे उचलून उचलून गेली, वर्षानुवर्षं, घरोघरचे — जाडजूड, हट्टी. मी त्यातली हडकुळी, पण हट्टी. पहिल्या दिवशी काखेत हात घालून मला उचलायला गेली, आणि 'आई गं' कोण ओरडलं? ती! मी म्हटलं, गो बाय, पेशंट मी हाय. अशी हसली — हसताना पण कळ आली बिचारीला. मी म्हटलं, भाताची गोण तरी कोण असं उचलतं काय? जड गोण सरकवायची असते! तेव्हापासून माझ्याखाली दुमडलेली चादर असते. ती चादर ओढते, मी टाच रेटते, ती म्हणते 'चला आजी', मी म्हणते 'हय्या!' — आता टाच रेटून रेटून माझ्या पायात बळ आलं त्याला मी काय करू?

डॉक्टरकडे? जाऊन आली की. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम कर, दुपारी थोडी आडवी होत जा. आता मला सांगा, दुसऱ्याच्या घरी कामाला आलेली बाई आडवी कुठं होणार? जमिनीवर? मग उठवणार कोण — मी? म्हणून माझाच पलंग देते. निगडीचा पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा, शेकायचं. आणि फिजिओवाली पोर मला जो व्यायाम देऊन जाते ना, तो आम्ही दोघी करतो. ती माझ्यापेक्षा वाईट करते, पण तोंडावर नाय बोलत मी.

नाय, बरी नाय झाली कंबर. पुरती बरी होणार पण नाय म्हणे. पण आता सकाळी डोळे सुजलेले नसतात तिचे. आधी असायचे. मला सांगायची, झोप नाय लागली आजी डासांनी. डासांनी! मला काय कळत नाय?

दुसरी? नको मला दुसरी. कितीही चांगली असू दे. मंगेश फोनवर 'काळजी घे' म्हणतो, सून म्हणते, नातवंडं म्हणतात — आणि ही भांडते माझ्याशी, जेवले नाय तर ताट घेऊन समोर बसते, रुसते. मला जीव लागलाय तिचा, झालं? आता लिहा काय लिहायचं ते.

हा बघा, फोन वाजला. मंगेशच. तुम्ही येणार ते कळवलंत काय त्याला? बाय गो, मान काय हलवताय! — थांबा, आवाज बारीक करते, आजाऱ्यासारखा. हां… हां रे बाबा… पडलेलीच हाय… आल्यात, आल्यात, समोरच बसल्यात… हां, बघितलं त्यांनी सगळं… मी कशी हाय ते मी कशाला सांगू? त्यांनाच विचार की.

घ्या. बोला.