गाठ बांधलेली असताना

(पुरानी बस्तीतलं घर, दुपार. खाटेला टेकवून ठेवलेली काठी.)

ईरा : …अन् साखरपुड्याची अंगठी पुडीत बांधून आईच्या हातून पाठवते कोणी? तोंडावर सांग ना मले. लग्न काहून मोडून राहिला?

सौमित्र : परवा गोल बाजारात तू होतीसच. तुझी आई शालू निवडत होती आणि माझ्याखालची पांढरी गादी ओली झाली. याहून स्पष्ट काय सांगू, ईरा?

ईरा : दुकानदारानं गादी पालटली, आईनं शालू घेतला. झालं.

सौमित्र : झालं नाही. उरल्याच्या कारखान्यात क्रेनवरून पडलो, तेव्हा पाय वाचले म्हणून घरात पेढे वाटले. आत काय तुटलं, ते कुणी विचारलं नाही. माझ्या तिथल्या नसा मेल्या आहेत. अशा देहाशी तुला कसं बांधून घेऊ?

ईरा : बापा! तुमच्या घरी भोसल्यांच्या काळापासून असंच बोलतात का? नसा मेल्या नाई. जित्या हायेत, म्हणून तर हा ताप.

सौमित्र : म्हणजे?

ईरा : फार्मसी कॉलेजच्या लॅबमधी मी दुसरं काय करून राहिली? लघवीची पिशवी भरत आली की ती आवळायले पाहते. तवा नसा एक रसायन सोडतात. ते पेशीवरच्या रिसेप्टरले जाऊन चिकटलं की पेशी शांत होते. चारचौघात आपण बसतो ते त्या शांतीच्या भरवशावर. तुझ्या पाठीला मार लागला, म्हणून वरून, मेंदूतून येणारी समजूत खाली कमी पोचते. पडल्यापासून तू घेतो ती गोळी त्याच रिसेप्टरवर बसून थोडी समजूत घालते. इतके महिने नीट चाललं होतं ना?

सौमित्र : हो.

ईरा : मग परवाच काय झालं? माह्याकडे पाह्य. गोळी घेऊन राहिला ना?

सौमित्र : …मागच्या आठवड्यात सोडली.

ईरा : काहून?

सौमित्र : पोट साफ होईना. ती पायांच्या ताठरपणासाठी आहे, एवढंच मला ठाऊक होतं. पाय तर बरे होते. आईला सांगायला संकोच वाटला, डॉक्टरांना त्याहून अधिक. आणि तुला…

ईरा : अरे पोट्ट्या! तेच रिसेप्टर आतड्याच्या नसांवरबी असतात. गोळीनं आतडंबी सुस्तावलं. एकाले शांत केलं तर शेजारचाबी पेंगते. अन् ही गोळी अशी एकदम सोडली तर फिट येऊ शकते, ठाऊक हाये? उठ, आत्ताच डॉक्टरकडे जाऊ. मी बोलीन, तू लाजत बस.

सौमित्र : मग सारं पूर्ववत होईल?

ईरा : नाई. खोटं नाई सांगत तुले. डोस बदलतील, पोटाचं काही देतील. तरीबी एखाद्या दिवशी गादी ओली होईन. आपण धुऊ.

सौमित्र : आणि लग्नाच्या दिवशी? होमापुढे पाटावर किती वेळ बसवतात. सगळ्या नातलगांसमोर मधेच उठावं लागलं तर?

ईरा : उठजो. मीबी उठीन.

सौमित्र : तू कशाला?

ईरा : तुझ्या उपरण्याले माह्या शेल्याची गाठ राहीन ना. मी बसून कशी राहू?

सौमित्र : लोक काय म्हणतील?

ईरा : म्हणतील, आत्तापासूनच यांले एकमेकाबिगर राहवत नाई.

सौमित्र : …तेवढं मात्र ते खरं म्हणतील.