खिळ्यावरचे बॅज

नाही, उभ्याउभ्या नको, बस. बस म्हणते ना! खाली अजून भाषणंच चालली असतील, तुझं नाव अगदी शेवटी आहे, बक्षीस काही पळून जात नाही. मला न्यायला आलास होय? "ताई, चल, चषक तुझ्याच हातून घ्यायचाय मला" — वा! भाऊ हृदयाचा डॉक्टर, बहीण त्याच हॉस्पिटलात किरणांपासून माणसं सांभाळणारी सुरक्षा अधिकारी, दोघं शेजारी शेजारी उभे, फोटो काय झकास येईल! मला ना, बाळ्या, त्या फोटोत उभंच राहायचं नाही. हसू नकोस. खरंच नाही राहायचं.

कसलं बक्षीस आहे ते तरी ठाऊक आहे ना? सगळ्यात सुरक्षित विभाग! कुठला — तर तुझी खोली! जिथं दिवसभर एक्स-रेचं यंत्र चालू ठेवून तू लोकांच्या हृदयात तारा सरकवतोस, ती! आणि तिथल्या माणसांच्या किरण मोजणाऱ्या बॅजवर वर्षभरात किरण किती साचले — जवळजवळ काहीच नाही. हा माझा बघ, छातीवरचा. मी इथं या टेबलाशी बसते, अधूनमधून तुमच्या खोल्यांतून एखादी फेरी मारते, बाकी माझ्या अंगावर पडते ती फक्त धूळ — आणि माझ्या बॅजवर तुमच्यापेक्षा जास्त आलंय! म्हणजे एक तर माझं टेबल तुझ्या यंत्रापेक्षा घातक आहे, नाहीतर — नाहीतर काय, सांग ना. राहू दे. मीच सांगते.

खिळा. तुझ्या खोलीच्या दाराबाहेरचा खिळा. परवा बघितला मी. सगळ्यांचे बॅज त्यावर टांगलेले, घरात शिरताना चपला काढाव्यात तसे, आणि सगळ्यात वर कुणाचा? डॉक्टरसाहेबांचा! किरणांत जाताना बॅज काढायचा आणि जेवायला जाताना छातीवर लावून मिरवायचं — अरे, कुणाला फसवताय? मला? ते किरण काय बॅज बघून अंगात शिरतात? पण नाही — आकडा वाढला की माणसाला बाहेर बसवतात, माणूस बाहेर बसला की तुझं काम अडतं, आणि तुझं काम अडून कसं चालेल! आतही तेच. छताला शिशाची काच टांगून दिलीय, चेहऱ्यासमोर ओढायला एक हात लागतो, ती भिंतीला ढकललेली — का, तर मध्ये येते. चष्मे खोक्यात — का, तर नाकाला घाम येतो. शिशाचे एप्रन खुर्चीवर चोळामोळा करून फेकलेले, प्रत्येक घडीवर तडे गेलेले, घामानं आंबलेले. शी! आणि ती तुझी नर्स, ती पोटुशी आहे, तुला माहीत तरी — माहीत आहे? माहीत असून तिला आत उभी करतोस? मी विचारलं तिला, बाई, तू तरी बॅज का काढलास, तर म्हणते, सर काढतात म्हणून. सर काढतात म्हणून! लाज नाही, रे, लाज पुढची गोष्ट. किळस आली मला. माझ्या सख्ख्या भावाची.

ओरडू नकोस, दार उघडं आहे. मला काय कळतं म्हणतोस? मला सगळं कळतं, तुझ्या डोळ्यांपाशी किती किरण येतात तेसुद्धा — काही नाही. काही नाही म्हणाले. बरं, ऐक, आता तोंडातून गेलंच आहे तर. तुझी ती निळी टोपी. आईनं शिवलेली, जी घातल्याशिवाय तू कामाला हात लावत नाहीस आणि धुवायला फक्त माझ्याकडे टाकतोस, बायकोलाही देत नाहीस. तिच्या डाव्या कडेत मी एक चकती शिवली. हो, मी. तुमच्या बॅजच्या आत असते तसलीच, नखाएवढी. धुताना उसवायची, वाळली की पुन्हा शिवायची. चोरून? हो, चोरून! तू काय मला विचारून खिळा ठोकलास? तुझा बॅज खिळ्यावर राहिला, पण टोपी डोक्यावरच राहिली, रे. तिचा आकडा आलाय आज सकाळी. हा घे कागद. वाच.

वाच ना. तोंडाजवळ कशाला नेतोस? दिव्याखाली कशाला? — थांब. उजवा डोळा मिट. उजवा मिट म्हणते, बाळ्या! हं. आता वाच.

वाच की.

...डाव्या डोळ्याला अक्षर लागत नाही. तरीच. रविवारी आईला पाणी देताना पेल्याच्या बाहेर ओतलंस. आई हसली, म्हणाली, लक्ष कुठंय याचं. तुझी बायको हसली. मला नाही हसू आलं. आईला मोतीबिंदू झाला सत्तरी उलटल्यावर, तुला त्या किरणांनी आत्ताच — अजून चाळिशी लागायचीय तुला! कधीपासून? सांग, कधीपासून दिसत नाही धड? बायकोला नाही सांगितलंस, मला नाही सांगितलंस — आणि असल्या डोळ्यानं तू आज सकाळी एका माणसाच्या हृदयात तार घातलीस? त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती, मी तिच्यासमोरून गेले. छे! बोलू नकोस माझ्याशी. ते बॅज, ते एप्रन, ते सगळं एक वेळ धुऊन निघेल, पण हे — याला काय म्हणू मी? मला शब्दसुद्धा तोंडात घ्यावासा वाटत नाही.

नाही, आता ताई ताई करू नकोस. फाडून काय उपयोग, मर्यादेबाहेरचा हा आकडा पाठवलाय मी वरच्या साहेबांना. तू दारात आलास तेव्हा पाठवूनच बसले होते. नर्सला उद्यापासून दुसरीकडे हलवतील, आणि तुला डोळे तपासून झाल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही — कदाचित त्यानंतरही नाही. रडतोस कशाला? आपल्या बापाच्या मरणाला रडला नाहीस, आणि आता — नको, माझ्या खांद्याला हात लावू नकोस.

ऐक, पुकारतायत. तुझंच नाव. टाळ्यासुद्धा सुरू झाल्या बघ. जा, चषक घ्यायचा तर घे, नाहीतर सगळ्यांदेखत सांगून टाक त्यांना, तुझं तू बघ. मी येत नाही. खिशातली टोपी तेवढी टेबलावर ठेव. ठेव म्हणते ना.

जा आता. — आणि हे बघ, जिन्याचा कठडा डावीकडे आहे. धरून उतर.