ठकूच्या नावाची ओंजळ

बसा, सरकून बसा शेकोटीजवळ. आणि ते मोबाईल ठेवा बाजूला. इथं रेंज येत नाही, उगाच हात वर करून अंगणभर फिरताय.

उद्याचा बेत ऐकला मी तुमचा. सकाळी गढी, मग महादेवाचं देऊळ, मग खिंडीतले वीरगळ, आणि दिवस बुडताना बारव. त्या उजेडात फोटो चांगले येतात म्हणे. येत असतील. पण बारव सकाळी बघा. का, ते सांगतो. आणि तू रे परागबाबा, मघाशी चहा देताना आमच्या हिनं तुला विचारलं, घरी कळवलंस का, तर काय म्हणालास? "वाट बघणारं कुणी नाही, आजी." हसत म्हणालास वर. तू पुढं येऊन बस. गोष्ट तुझ्यासाठी आहे, बाकीच्यांनी फुकट ऐकायची.

तर ऐका. ह्याच धामणदऱ्यात हैबती म्हणून एक माणूस होता. ऐन तिशीतला, कामाला वाघ. त्याची बायको सगुणा बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मागं राहिली सहा वर्षांची ठकू. लोक वाट बघत होते, हैबती आता रडेल, मग रडेल. नाही रडला. तेराव्याला जेवला, हात धुतला, बैल सोडले आणि शेतावर गेला. भाकरी दिली तर खायचा, नाही दिली तर मागायचा नाही. एकदा पायाला विंचू चावला. दुसरा असता तर गाव गोळा केला असता. हा त्या पायाकडं नुसता बघत बसला. जाणती माणसं म्हणायची, रडला असता तर मोकळा झाला असता, आत साकळलंय सगळं.

पोरगी दिवसभर बडबड करायची. ह्याच्या कानावर पडायचं, आत काही जायचं नाही. एके दिवशी ती तापानं फणफणली, आणि ते ह्याला शेजारणीकडून कळलं. एका घरात राहून! तेव्हा त्यानं ठरवलं, ही पोर आपल्याच्यानं सांभाळून व्हायची नाही. बहिणीला देऊन टाकायची. कायमची.

बहीण कोंडाबाई, खिंडीपलीकडं सावरदऱ्याला दिलेली. हैबती सकाळी निघाला. ठकू धावत आली आणि त्याच्या उपरण्याच्या टोकाला तिनं गाठ मारली. "येताना गुडदाणी आण. तू इसरशील, म्हणून गाठ." कुठं निघाला, कशासाठी निघाला, तिला काय ठाऊक? तो हूं म्हणाला आणि चालू लागला.

बहिणीनं ऐकून घेतलं. डोळे पुसले. म्हणाली, "माझ्या चारात पाचवी. उद्या सकाळी गाडी जुंपून येते न्यायला. पण दादा, आता ऱ्हा रातच्याला. दिवस बुडाला. खिंडीतनं कोण जातं का ह्या वक्ताला?"

"मी जातो."

"भ्या वाटत न्हाई?"

"न्हाई."

आणि खरंच वाटत नव्हतं. इथंच मेख आहे, बरं का. तुम्हा शहरातल्यांना वाटतं भुताला भित्रा माणूस सोपा. छे! भित्रा पळतो. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो आपल्या पायानं चालत जातो, त्याला ओढावं लागत नाही.

निघाला. अंधार गुडुप. खिंडीत वीरगळ लागले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्यांचे दगड, घोड्यावरचा वीर कोरलेला. उद्या बघालच. हैबती त्यांच्यापुढनं गेला. बरंच चालला, तर पुन्हा वीरगळ. तेच, मधला मोडका. पुन्हा चालला. पुन्हा तेच. चकवा लागला होता. तुम्ही आम्ही असतो तर चप्पल उलटी घातली असती, देवाचं नाव घेतलं असतं. हैबती मनात म्हणाला, पुन्हा आलो वाटतं. बास. एवढंच.

फिरून फिरून घसा कोरडा पडला, आणि बघतो तर पायाशी बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आमची फार जुनी आहे. कुणी बांधली, ठाऊक नाही. जुने लोक सांगायचे, एका बाईनं बांधली, तिची सगळी माणसं दुष्काळात पाण्यावाचून गेली. ती स्वतः शेवटी त्याच पाण्यात गेली. तेव्हापासून ज्याचं कुणी नाही, त्याला ती आपलं म्हणते. ठेवून घेते.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. बारवेचं पाणी प्यायचं तर आधी घरच्या एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्याच्या नावानं एक ओंजळ पायरीवर सोडायची. मग आपण प्यायचं. म्हणजे तिला कळतं, ह्याची माणसं आहेत, ह्याला सोडलं पाहिजे. दिवसा पोरंसुद्धा पाळतात.

हैबती उतरला. ओंजळ भरली. आणि वर्षानुवर्षांची सवय, तोंडातनं पहिलं नाव आलं, "सगुणा."

झाली चूक. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं. ओंजळ पायरीवर पडली, आणि समोरच्या अंधारातनं आवाज आला.

"ओ."

तिचाच आवाज. बांगड्या वाजल्या. समोरच्या पायरीवर बाई बसलेली, पाठमोरी, केस मोकळे. म्हणाली, "उशीर केलासा. भाकरी झाकून ठेवलीया." रोज म्हणायची तसंच म्हणाली. हैबतीला ना आनंद झाला, ना भीती वाटली. त्याला वाटलं, हां, आहे होय इथं. आणि तो पायरीवर टेकला.

"दमलासा. खाली या," ती म्हणाली.

हा एक पायरी उतरला. पाणी घोट्याला लागलं. थंड असायला पाहिजे ना? ह्याला काही कळलंच नाही, पाय आपले नसल्यासारखे.

"घरी कोण हाय?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाई."

"मग या."

आणखी पायऱ्या उतरला. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. वर बघितलं तर बारवेचं तोंड ताटाएवढं दिसत होतं. खाली पायऱ्याच पायऱ्या. ती पुढं पुढं सरकत होती, पाठ तशीच.

"वाट कोण बघतंय?"

"कुणी न्हाई."

पाणी छातीला आलं. आता ती वळली. तोंड? ते मला विचारू नका. हैबतीनं कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा की तिथं सगुणा नव्हती. ती हात पुढं करून म्हणाली, "एकदा शेवटचं सांगा. कोण हाय तुमाला?"

हैबतीनं तोंड उघडलं, तेच सांगायला. तिसऱ्यांदा. आणि उपरणं पाण्यावर तरंगत होतं, त्याचं टोक हाताला लागलं. बोटाखाली गाठ आली. ओली होऊन आवळलेली, एवढीशी गाठ. त्यानं ती चाचपली. ही कशाची? आणि आठवलं. गुडदाणी. इसरशील, म्हणून गाठ.

"ठकू," तो म्हणाला.

पाणी एकदम गार झालं! म्हणजे ते पहिल्यापासून गारच होतं, हैबतीला आत्ता लागलं. दातावर दात वाजायला लागले. कळ निघाली पायातनं. आणि सगुणा गेल्यापासून पहिल्यांदा तो माणूस भ्याला. आपण दोनदा काय बोललो, ह्याचंच भ्याव वाटलं त्याला. पोरगी दाराशी बसलीय, आणि मी म्हणतो कुणी नाही!

वळला. घोटा धरला कुणीतरी. ह्यानं ओंजळ भरून वरच्या पायरीवर फेकली, "ठकू!" पकड ढिली झाली. एक पायरी चढला. पुन्हा धरलं, पुन्हा ओंजळ, पुन्हा नाव. पडत, रांगत, गुडघे सोलवटत वर आला. वर पाय ठेवणार, तोच मागनं रडणं ऐकू आलं. अगदी सगुणाचं.

"मला एकटीला टाकून चाललासा व्हय?"

ह्याला म्हणतात खरा डाव. इथं भलेभले मागं फिरतात. हैबती थांबला. पण वळला नाही. तळहाताला जेवढं ओलं होतं तेवढं त्यानं जमिनीवर झटकलं आणि म्हणाला, "सगुणे, तू गेलीस गं. तू गेलीस. पोर हाय, मला जाऊ दे."

गेलीस, हा शब्द त्याच्या तोंडातनं तेव्हा पहिल्यांदा निघाला. मागचं रडणं थांबलं. मग तो जो पळत सुटला, तो घराच्या ओट्याशी येऊनच थांबला.

शेजारीण ओट्यावर पेंगत होती. ठकू जागी. बापाचे कपडे ओले, गुडघ्यातनं रक्त, पण तिनं आधी बघितली काय, तर गाठ. पाण्यानं घट्ट झालेली. नखानं उकलायला बघितली, उकलेना. म्हणाली, "गाठ तशीच हाय. म्हंजे आणली न्हाईस." आणि हैबतीनं तिला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. सगुणासाठी, त्या न जगलेल्या पोरासाठी, सगळं एकदम. अर्धा गाव उठून आला. म्हाताऱ्या म्हणाल्या, रडू द्या, कुणी थांबवू नका.

सकाळी कोंडाबाई गाडी घेऊन आली. भावाचे सुजलेले डोळे बघितले आणि काही न विचारता रिकामी गाडी वळवली. तिच्याच गाडीतनं हैबती बाजाराला गेला, गुडदाणी आणायला.

मला कसं ठाऊक म्हणता? हैबती माझा सासरा. आणि ठकू मघाशी तुम्हाला चहा देऊन गेली. आत भांडी वाजतायत ना, ती तीच. ऐकतेय सगळं, मी कुठं मीठमसाला लावतो ते बघतेय.

तर दिवस बुडल्यावर खिंडीची वाट धरायची नाही. सांगून ठेवतो. सडकेनं या, लांब पडलं तरी चालेल. बारव बघायची तर उन्हात बघा, आणि पाण्याला हात लावलात तर आधी घरची नावं घ्या.

आणि परागबाबा, मान खाली नको घालूस. होतं असं. कुणाचं नसतं कुणी, कधी कधी. उद्या ओंजळ भरशील तेव्हा काही सुचलं नाही, तर आमच्या हिचं नाव घे. ठकूबाई. लटकं नाही ते. संध्याकाळी तू परत येईपर्यंत ती खरोखर ओट्यावर बसून असेल.