दातांतल्या टाचण्या

सहा महिने ठणकणारा कान धरून सुतार कानाच्या डॉक्टरांच्या दाराशी, दोन दवाखान्यांच्या सामायिक बाकावर बसला होता. त्याच बाकावर ब्लाउज शिवणारी एक बाई आणि तिची नणंद गप्पा मारत होत्या.

"वहिनी, दुखतो कान आणि यायचं दाताच्या डॉक्टरांकडे?"

"कान ठणठणीत आहे गं. कानापुढचा जबड्याचा सांधा बिघडलाय. जांभई दिली की कट्ट वाजतं."

"आणि वर्षभर घातलेले थेंब?"

"गेले वाया. मागच्या महिन्यात तोंडात दोन बोटंही जाईनात."

"मग भांडायचीस कशी?"

"म्हणून तर तुझा भाऊ घाबरला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दिवसभर काय चावता, विचारलं. म्हटलं, काही नाही, टाचण्या तेवढ्या दातांत धरते."

"वीस वर्षं."

"आता मनगटाला उशी बांधलीये, टाचण्या तिथे. झोपताना दातांवर डॉक्टरांनी दिलेला प्लॅस्टिकचा साचा घालते, शेक देते. काल तीन बोटं गेली."

सुतारानं कानापुढे बोट टेकवून हळूच तोंड उघडलं. कट्ट.

"ताई, तुमच्या डॉक्टरांचा नंबर कुठे लावायचा?"

"समोरच्या दारात. तुम्हीही टाचण्या धरता?"

"नाही. खिळे."