दुसरा पेला

(रविवारची सकाळ. चर्चच्या वेदीमागची खोली.)

ताई : दगडानं फुटलेल्या काचा मी गोळा केल्या, तू नाही. स्वयंपाकघरभर उडाल्या होत्या. पुढचा दगड खिडकीवर नाही, तुझ्या डोक्यात बसेल, बाळ्या.

फादर : हळू बोल. बाहेर माणसं बसलीत.

ताई : बसू देत. तू फादर झालास म्हणून मी थोरली बहीण राहिले नाही का? कबरी खणणाऱ्यांना व्हरांड्यातून आत आणलंस, बाकावर बसवलंस. लोकांनी नाकं मुरडली, पण गिळलं. आज मात्र प्रभुभोजनाला त्यांनी ओठ लावलेल्या पेल्यातून सगळ्यांना प्यायला सांगतोयस. मढी उचलणाऱ्यांचं उष्टं! कुणी पिणार नाही.

फादर : म्हणून हा दुसरा पेला तू मांडलास?

ताई : त्यांच्यासाठी. त्यांनाही द्राक्षरस मिळेल आणि कुणाला बोलायला जागा उरणार नाही.

फादर : उचल तो.

ताई : तूच उचल. तुझ्या हाताशी तर आहे. का रे? हात का जात नाही?

फादर : कारण तो दिसला आणि मला हायसं वाटलं. वर्षभर घसा फोडून सांगतोय, देवाच्या घरात आपलं-परकं नसतं. आणि पेला बघून पहिला विचार काय आला, तर सुटलो. मी फार घाबरलोय, ताई. फाटकावर दगड घेऊन उभे असतात ना, त्यातल्या दोघांना मीच बाप्तिस्मा दिलाय.

ताई : मग राहू दे तो तिथंच. जिवापेक्षा जास्त आहे का काही?

बाई : फादर, आत येऊ का? हात धुतलेत मी. आमचे हे पहाटेच कबर खणून आले, त्यांनीही आंघोळ केलीय. ते विचारताहेत, आम्ही रांगेत शेवटी ना?

फादर : नाही. पहिले.

बाई : पहिले नको हो. धाकटी तर भीतीनं यायलाच तयार नव्हती. तुमच्या घरावर दगड पडला. आमचं घर कबरस्तानात एकटं आहे, तिथं दगडावर भागायचं नाही.

ताई : ऐकलंस?

बाई : हे दोन पेले कसे? एक आमचा का? असला तर असू दे, पण आत्ताच सांगा. सगळ्यांसमोर उभं राहिल्यावर कळायला नको.

फादर : ताई, हा कपाटात ठेव. कुलूप लाव.

ताई : अरे, पण...

फादर : लाव. माझा विचार बदलायच्या आत लाव.

बाई : आणि आमच्यानंतर कुणी प्यायलंच नाही तर?

फादर : तर उरलेलं मी प्यायचं. वेदीवरचा रस ओतून देता येत नाही. तसा नियमच आहे.

बाई : सगळं?

फादर : शेवटच्या थेंबापर्यंत.

ताई : काठोकाठ भरलाय वेदीवरचा पेला.

फादर : दिसतंय मला.

बाई : मग यांना सांगते, पहिले उभे राहा म्हणून.

ताई : थांबा, मीही येते. बाळ्या, सगळं संपवू नकोस. रांगेत ह्यांच्या मागं मी उभी आहे.