जावेची माती

टेंभुर्णीहून जालन्याला निघालेल्या एसटीत दोन शिंका देऊन शीतलनं नाकाला ओढणी लावली, कान मात्र उघडेच ठेवले. पुढच्या बाकावर नंदाबाई वाळल्या मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शेजारी त्यांच्याच गल्लीतली दैवशाला.

"काकू, परत मिरची? मागं दिल्ती ना तपासायला?"

"दिल्ती. परदेशातल्या गिऱ्हाइकाला पक्कं पाह्यजे, जंतू मरावे म्हणून मिरचीवर मशीनचे किरण सोडले का नुसती उन्हात वाळवली."

"मंग काय निघालं?"

"काहीच न्हाई. जालन्याचे तपासणीवाले साहेब म्हणे, मिरचीला चिकटलेली माती तापवून बघतो आम्ही. किरण मारले असले तर ती माती चमकती. तुमच्या मिरचीला मातीच न्हाई."

"असं कसं?"

"असं कसं म्हणजे? एकेक मिरची ओल्या फडक्यानं पुसून दिल्ती मी! परक्याच्या घरी जाणारी वस्तू, धुळीनं भरलेली देऊ का?"

"मंग आता?"

"आता माती घेऊनच चालले. ही बघ, अलग पुडी."

"काकू, ती मिरचीवरचीच लागत असंल ना."

"त्यांनी माती मागितली, मी माती देऊन राह्यले. वस्त्रगाळ केली बिलकुल."

"तुमच्या अंगणातली?"

"अगं बया! नंदाबाईच्या घरी माती निघाली म्हणून गावभर करायचं का? जावेच्या अंगणातली हाय."

"अन् तिच्यात किरण निघाले तर?"

"निघू दे. पुडीवर नाव जावेचंच टाकलंय."