सोजरच्या दारावरून गेलेला रस्ता

जमलेल्या मायबाईंनो, बाबांनो, पुण्याहून आलेला सोजरचा लेक विठ्ठल, आणि खुर्चीवर बसलेले सुधार मंडळाचे मेंबरसाहेब,

माईक हातात दिलाय, पण तोंड कुणाकडं करावं ते कळंना. लग्न होऊन या गल्लीत आले तवापासून मी समोरच्या दाराकडं तोंड करून बोलायची. ते दार आज सताड उघडं हाय आणि आत कोणी न्हाई. या कौसाबाईला बोलता येत न्हाई असं तर कोणी म्हणणार न्हाई. पण मला उलट बोलणारी गेली. उलट कोणी बोलत नसलं की माझं बोलणं पुढं सरकत न्हाई. तरी बघते.

आत्ता इथं दोघं-तिघं बोलून गेले. सोजरबाई शांत होती, मायाळू होती, तिनं कधी कुणाला दुखावलं न्हाई, असं म्हणले. ते कोणत्या सोजरबाईबद्दल बोलायलेत, मला माहीत न्हाई. आपली सोजर भांडखोर होती. माझी नि तिची ओळखच भांडणातली. मी नवी नवरी. मोरीचं पाणी सोडलं ते वाहत तिच्या दारात गेलं. ती आली आणि माझ्या सासूच्या देखत मला म्हणली, "माहेर नदीकाठचं हाय का गं तुझं?" सासू पदर तोंडाला लावून हसली. हिच्याशी जन्मात बोलायचं न्हाई असं मी ठरवलं, आणि त्याच दिवशी ऊन कललं तसं तिच्याच ओट्याकडं तोंड करून मेथी निवडत बसले. दुसरीकडं तोंड करायला जागाच नव्हती.

तिचा ओटा, माझा ओटा. मधी गल्ली. तिच्या ओट्यावर ती ज्वारी पाखडायची, माझ्यावर मी वाती वळायची. मधून म्हशी जायच्या, सायकली जायच्या, वराती जायच्या. बोलणं तुटायचं न्हाई. एकमेकींच्या घरात आमी फारशा गेलोच न्हाई. कशाला जावं? सगळं ओट्यावरून दिसायचं.

मग सुधार मंडळ आलं. आता खरं सांगते, आमी खूश झालो होतो. गल्लीत चिखल लय व्हायचा. पहिला सिमेंटचा रस्ता पडला तवा सोजरनं स्वतः मशीनवाल्याला ओवाळलं, त्याच्या हातावर साखर ठेवली. तो बिचारा लाजला.

पुढं काय झालं ते तुमी सगळ्यांनी बघितलंय, पण मेंबरसाहेब बसलेत म्हणून सांगते. तो रस्ता चांगला होता, तरी त्याच्यावर दुसरा टाकला. तो पाईपासाठी फोडला आणि पुन्हा वरून टाकला. मग कुणाच्या तरी मनात आलं, रंगीत फरश्या पाहिजेत. त्या टाकल्या. दरवेळी नारळ, दरवेळी फोटो, दरवेळी नवा बोर्ड. बोर्डावर लिहिलंय, दोन्ही बाजूंनी नाली बांधली. माझ्या सुनेनं वाचून दाखवलं. बोर्डावर नाली हाय, गल्लीत न्हाई. उकरून कधी काही केलंच न्हाई. जुन्यावर नवं, नव्यावर अजून नवं.

रस्ता वर गेला, घरं तिथंच राहिली. सोजरचं घर आदीच उताराला. पहिल्यांदा तिचा ओटा गेला. मग उंबरा रस्त्याच्या बरोबरीला आला. मग पावसाचं पाणी घरात. तिनं दारात विटांचा बांध घातला. आदी आमी घरातून गल्लीत उतरायचो. आता ती गल्लीतून घरात उतरायला लागली, विहिरीत उतरावं तशी.

ती गप बसली असती तर सोजर कसली. मंडळाच्या मीटिंगला गेली, मला बी ओढून नेलं. भिंतीवर रंगीत चित्रं दाखवायले होते. कारंजं, दिवे, बाकडी, बाकड्यावर बसलेली गोरी माणसं. सोजर उठली आणि म्हणली, साहेब, यातलं माझं घर कोणतं? सगळे हसले. साहेब बी हसले. तिला पुढं बोलावून तिच्या हातात फुलं दिली आणि फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात. नागरिकांचा भरघोस पाठिंबा. तिनं तो पेपर वर्षभर पापडाखाली अंथरला. म्हणायची, एवढा तरी कामाला आला.

आता पुढचं ऐका. हे कोणी बोलत न्हाई.

एक नवा इंजिनेर आला होता. आठवतो का? टोपी घालायचा, चपला झिजलेल्या. तो वरून बोलला न्हाई. सोजरच्या दारात पायऱ्या उतरून गेला, उंबऱ्याशी उकिडवा बसला, तिच्या हातचा चहा प्याला. म्हणला, मावशी, सगळं जुनं उकरून काढतो, तुमचा ओटा पुन्हा उघडा करतो. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं गल्लीभर दोन्ही बाजूंनी चुन्याच्या रेघा मारल्या. इथपर्यंत खोदायचं म्हणून.

आपण काय केलं? गल्लीत कुजबुज झाली. ही रेघ घरं पाडायची हाय. रेघेच्या अलीकडचं सगळं जाणार. ज्यानं नाली गिळली तो भिंत गिळणार न्हाई का? सोजरला बी ते पटलं. म्हणली, भांडायचं न्हाई, तक्रार करायची न्हाई. सकाळी सडा टाकायचा. सडा तर आपण रोजच टाकतो, बाईला सड्यावरून कोण बोलणार? सकाळी गल्लीतल्या सगळ्या बाया शेणाच्या बादल्या घेऊन बाहेर. एरवी ज्या फडक्यानं पुसून घेतेत, त्यांनी बी शेण मागून आणलं. रेघ गेली. तो पुन्हा आला, पुन्हा मारली. आपण पुन्हा सडा. तिसऱ्यांदा तो आला न्हाई. या गल्लीतल्या लोकांचा विरोध हाय, असं वर कळवलं गेलं म्हणतेत. मग त्याची बदली झाली. मग कळलं की रेघ खरी होती, नुसती रस्ता खोदायचीच.

सोजर त्या दिवशी जेवली न्हाई. मला एवढंच म्हणली, "कौसे, खऱ्याचं तोंड कसं असतं तेच विसरलो की गं आपण."

मेंबरसाहेब, तुमी खाली बघू नका, मी तुमाला चोर म्हणत न्हाई. कुणी किती खाल्लं ते मला माहीत न्हाई. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली बाई. पण भरोसा कुणीतरी खाल्ला. दुधानं तोंड पोळलं म्हणून आपण ताक फुंकलं न्हाई, आपण ताक ओतून दिलं.

त्यानंतर तिचे गुडघे गेले. आदी ती हातापायावर चढून वर यायची, लेकरावाणी. मग ते बी बंद झालं. माझ्याच्यानं उतरवत न्हाई, तिच्याच्यानं चढवत न्हाई. मी रस्त्याच्या कडंला उभी राहायची, ती खाली दारात बसायची. वरून मला तिचा नुसता भांग दिसायचा. खाली बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून सुखदुःख सांगता येत न्हाई. चार लोक थांबतेत. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याशी उभ्यानं, वरूनच बोलायचा. काय आजी, बरं हाय का? उत्तर ऐकायला कोणी थांबलं न्हाई.

मग विठ्ठलनं तिला फोन घेऊन दिला. आता हसू नका. समोरासमोर राहून आमी दोघी फोनवर बोलायला लागलो. भाजी काय केली. तुझ्या सुनेनं कुकर जाळला का. तुझ्या टीव्हीचा आवाज कमी कर, मला झोप लागत न्हाई. कुणी ऐकलं असतं तर म्हणलं असतं, एक दिल्लीला हाय आणि एक मुंबईला.

परवा गल्लीच्या तोंडाशी गिट्टीचा ढीग पडला. मी फोन लावून सांगितलं. म्हणली, पुन्हा? मी म्हणलं, पुन्हा. ती म्हणली, "टाकू दे. आणखी एक थर पडला की मला वर न्यायची बी गरज न्हाई, हितंच पुरलं तरी चालंल." मी म्हणलं, मर मेले. आमचं रोजचंच बोलणं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. रिंग मला दोन्हीकडून ऐकू येत होती. कानातल्या फोनमधी, आणि खालून तिच्या घरातून. ती वाजून थांबली. मी पुन्हा लावला. पुन्हा दोन्हीकडून. शेजारची रुक्मिण पायऱ्या उतरून आत गेली आणि तिनं फोन उचलला. बोलली काहीच न्हाई. मला कळलं.

मेंबरसाहेब आत्ता म्हणले, या रस्त्याला सोजरबाईचं नाव देऊ, तोंडाशी कमान उभी करू. साहेब, पाया पडते, तेवढं करू नका. ज्यानं तिला गाडलं, त्याच्यावर तिचं नाव कशाला?

गल्लीतल्या बायांनो, ती गिट्टी जुन्यावर पडू द्यायची न्हाई. आदी उकरा म्हणायचं. भरोसा ठेवा असं मी म्हणत न्हाई, भरोसा मला बी न्हाई. दारात बसा आणि डोळ्यांदेखत खोदून घ्या. पुन्हा कुणी चुन्याची रेघ मारली तर बादली उचलायच्या आदी त्याला विचारा, बाबा, रेघ कशाची? तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

माझ्यासाठी म्हणत न्हाई. खोदलं, तिचा ओटा वर आला, तरी माझ्यासमोर त्याच्यावर कोण बसणार हाय? पण या गल्लीत अजून लय जणी म्हाताऱ्या व्हायच्या हायत.

आता दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची म्हणतेत. उभं राहू नका. तिच्याशी सगळे उभ्यानंच बोलले. साहेब, तुमी बी खुर्ची सोडा. हितं फरशीवर बसा, तिच्या दाराकडं तोंड करून, आणि गप ऱ्हावा.

बसा.